भिंतीचा रंग कोणता होता?

रायगड जिल्ह्यातल्या एका गावी इस्राएल आळीतल्या सिनेगॉगचं मोजमाप घ्यायला वास्तुकला महाविद्यालयातली मुलं आली, तेव्हा फितीचं दुसरं टोक धरायला मी होते. कोकणातल्या बेने इस्राएलांची थडगी, त्यांची मराठी कीर्तनं, त्यांच्या घरांतल्या जुन्या वह्या यांच्या मागे मी नोकरी सांभाळून वीसेक वर्षं फिरते आहे. म्हणून गावातल्या कुणीतरी मुलांना माझं नाव सांगितलं असणार. वास्तुकलेच्या अभ्यासक्रमात एखादी जुनी इमारत इंचाइंचाने मोजून तिचे नकाशे काढायचं काम असतं, त्याला ती मुलं ‘मेझर्ड ड्रॉइंग’ म्हणतात. तीन दिवस त्यांनी खिडक्यांच्या चौकटी, बायकांची माडी, सेफेर तोरा जिथे उभं राहून वाचतात त्या मधल्या तेबाचा कठडा, सगळं मोजलं.

दोन महिन्यांनी त्यांतली एक मुलगी लॅपटॉप घेऊन परत आली. मोजमापांवरून तिने संगणकात इमारतीचं थ्रीडी मॉडेल उभं केलं होतं आणि त्याची रेंडर, म्हणजे छायाचित्रासारखी दिसणारी चित्रं, तयार केली होती. आळीत आता एकच बेने इस्राएल घर उरलं आहे. तिथल्या मावशींना आम्ही ती दाखवली. मावशींनी चष्मा पुसून बराच वेळ बघितलं आणि म्हणाल्या, “आमची मशीद एवढी चकचकीत कधीच नव्हती.” (बेने इस्राएल आपल्या प्रार्थनालयाला पूर्वापार मशीदच म्हणत आले.) मग त्यांनी विचारलं, “आणि दिवे कुठे गेले?”

दिवे म्हणजे छतापासून साखळ्यांनी लोंबणारे काचेचे पेले. कुणी नवसाचे लावलेले, कुणी गेलेल्या माणसाच्या नावाने. मुलगी ओशाळली. दिवे तिने केले होते, पण सबमिशनच्या आदल्या रात्री तो लेयर बंद केला होता. काच आली की रेंडरला फार वेळ लागतो, असं तिने सांगितलं. प्रकाशाचा किरण काचेत शिरतो, वळतो, बाहेर पडतो, पुढच्या काचेवर आदळतो, आणि संगणकाला त्या प्रत्येक वळणाचा हिशेब करावा लागतो. वेळ नव्हता, म्हणून दिवे गेले.

ती चूक तिच्या एकटीची नव्हती, हे मला पुढे वाचन करताना कळत गेलं. मी वास्तुविशारद नाही आणि संगणकही मला कामापुरताच येतो. पण वास्तुकलेच्या विद्यार्थ्याने केलेलं डिजिटल मॉडेल हे आता इतिहासाचं एक साधन झालं आहे, आणि साधन म्हटलं की त्याची चिकित्सा आली. बखर कशी वाचावी, ताम्रपट खरा की बनावट हे कसं ओळखावं, याची मोठी परंपरा आपल्याकडे आहे. रेंडर कसं वाचावं, याचा विचार मात्र फारसा होत नाही. तो करण्याचा हा प्रयत्न आहे, आणि त्यासाठी मी जे उदाहरण घेते आहे ते जर्मनीतलं आहे. विद्यार्थ्यांनी केलेल्या मॉडेलवर इतका मोठा नैतिक भार पडल्याचं दुसरं उदाहरण मला माहीत नाही.

१

२५ मार्च १९९४ च्या पहाटे उत्तर जर्मनीतल्या ल्युबेक शहरात सिनेगॉगला आग लावण्यात आली. आत राहणारी माणसं वाचली, पण नाझी काळानंतर जर्मनीत सिनेगॉग पेटल्याच्या बातमीने देश हादरला. त्या घटनेनंतर, १९९५ मध्ये, डार्मश्टाट इथल्या तांत्रिक विद्यापीठात वास्तुकला शिकणाऱ्या मार्क ग्रेलर्ट या विद्यार्थ्याच्या पुढाकाराने एक काम सुरू झालं. नोव्हेंबर १९३८ च्या त्या रात्री आणि नंतर नाझींनी नष्ट केलेली सिनेगॉग संगणकात पुन्हा उभी करायची, असा तो संकल्प होता. त्याला पाठबळ दिलं प्राध्यापक मान्फ्रेड कोब यांनी. फ्रान्समधल्या क्ल्युनीचं, क्रांतीनंतर पाडलं गेलेलं प्रचंड मठ-चर्च त्यांनी त्याआधी काही वर्षं संगणकात उभं केलं होतं, त्यामुळे तंत्र त्यांच्या हाताखालचं होतं.

सुरुवात फ्रँकफर्टच्या तीन सिनेगॉगपासून झाली. पुढे इतर शहरं आली, विद्यार्थ्यांच्या तुकड्यांमागून तुकड्या आल्या, आणि २००० साली बॉनच्या राष्ट्रीय कला-प्रदर्शनगृहात या मॉडेलांचं प्रदर्शन भरलं. २००२ मध्ये जर्मनीतल्या दोन हजारांहून अधिक सिनेगॉगची माहिती एकत्र करणारं एक संग्रहस्थळही याच कामातून इंटरनेटवर आलं. तिथे ज्यांच्याकडे काही आठवण किंवा चित्र असेल त्यांनी ते जोडावं, अशी सोय होती.

हे काम करणारी बहुतेक मुलं विशीतली, म्हणजे युद्धानंतर दोन पिढ्यांनी जन्मलेली. त्यांच्या हातात काय होतं? कुठे बांधकामाचे नकाशे, कुठे एखादं पोस्टकार्ड, कुठे उद्घाटनाच्या वेळची कृष्णधवल छायाचित्रं, कुठे वास्तुविषयक नियतकालिकातलं वर्णन. आणि जगभर विखुरलेली, लहानपणी त्या बाकांवर बसलेली म्हातारी माणसं. एका बाकाची उंची काढायला छायाचित्रातल्या माणसाच्या खांद्याचा आधार घ्यायचा, खांबावरची नक्षी काढायला त्याच वास्तुविशारदाची दुसरी इमारत बघायची, असं हे काम. अशा कामात एकेका इमारतीला महिनोन्‌महिने जातात.

२

आता मॉडेल घडतं कसं ते थोडक्यात सांगायला हवं, कारण चिकित्सेचा धागा तिथेच आहे. आधी तळाचा नकाशा आणि छेद संगणकात काढायचे. त्यावरून भिंती उचलायच्या, छत टाकायचं. इथपर्यंत नुसत्या रेषांचा सांगाडा असतो, त्याला वायरफ्रेम म्हणतात. मग प्रत्येक पृष्ठभागाला द्रव्य द्यायचं: हा दगड, हे लाकूड, हा गिलावा. मग सूर्य कुठे आहे ते ठरवायचं, कॅमेरा ठेवायचा आणि संगणकाला चित्र काढायला सांगायचं.

यात दोन आज्ञा फार सोयीच्या आहेत. एक ‘मिरर’: डावी बाजू केली की तिचं प्रतिबिंब उजवीकडे उभं राहतं. दुसरी ‘अ‍ॅरे’: एक खांब केला की सारख्या अंतरावर हवे तेवढे उभे राहतात. बांधणाऱ्या माणसाच्या हातून कधी न साधणारी सममिती या आज्ञा क्षणात साधतात. एका बाजूचं छायाचित्र उपलब्ध आहे आणि दुसऱ्या बाजूचं नाही, अशा इमारतीत हा मोह टाळणं कठीण.

आणि खरी अडचण द्रव्य देताना येते. लेखक ‘भिंत होती’ एवढं लिहून थांबू शकतो. ‘भिंतीला बहुधा रंग दिलेला असावा’ असं लिहून पुढे जाऊ शकतो. इतिहासलेखनाचा सगळा प्रामाणिकपणा अशा ‘बहुधा’मध्ये आणि ‘असावा’मध्ये साठवलेला असतो. रेंडरमध्ये ‘बहुधा’ लिहायला जागा नाही. भिंतीला रंग द्यावाच लागतो आणि दिला की तो दिसतो. कृष्णधवल छायाचित्रातला मधला करडा हा निळा असू शकतो, तांबडाही असू शकतो. साक्षीदाराला विचारावं, तर त्याने ती भिंत सत्तर वर्षांपूर्वी आईचा हात धरून पाहिलेली. विद्यार्थ्याने शेवटी एक निळा निवडायचा. चित्र बघणाऱ्याला तो निळा आणि नकाशात सेंटिमीटरपर्यंत नोंदलेली भिंतीची जाडी, दोन्ही सारखीच खरी वाटतात. माझ्या मते हा या माध्यमाचा मूळ दोष आहे. तो विद्यार्थ्याच्या निष्काळजीपणातून येत नाही. उलट त्याने जितकं कौशल्य ओतावं तितका तो वाढतो.

३

दुसरा आक्षेप दृष्टीचा आहे. डार्मश्टाटच्या चित्रांमध्ये मोठी, उजळ, निर्मनुष्य दालनं दिसतात. फरशी स्वच्छ आहे, बाक रांगेत आहेत, उन्हाचा पट्टा नेमका हवा तिथे पडला आहे. ही चित्रभाषा आपल्या ओळखीची आहे. पुण्या-मुंबईच्या रस्त्यांवर न बांधलेल्या सदनिकांच्या जाहिराती याच भाषेत बोलतात. जे अजून झालं नाही ते विकायला घडवलेली ही भाषा जे नाहीसं केलं गेलं त्याच्यासाठी वापरली, की थोडं चकाकतंच.

त्यात काळाचाही घोळ आहे. फ्रँकफर्टचं फ्रीडबर्गर आन्लागे इथलं सिनेगॉग १९०७ मध्ये उघडलं आणि १९३८ मध्ये जाळलं गेलं. मधल्या एकतीस वर्षांत मेणबत्त्यांची काजळी धरली असेल, कुणी एखादा बाक बदलला असेल, महायुद्धात न परतलेल्यांच्या आठवणी कुठेतरी लागल्या असतील. पण नकाशे आणि छायाचित्रं बहुतेक उद्घाटनाच्या आसपासची मिळतात. त्यामुळे रेंडर दाखवतं ते उद्घाटनाच्या दिवसाचं, पाहुणे यायच्या आधीच्या तासाचं दालन. वापर होण्याआधीची आणि आगीच्या आधीची इमारत एकच आहे, असा भास त्यातून होतो. एकतीस वर्षांच्या प्रार्थना मधल्या मधे गळून जातात.

यावर ‘मग माणसं घाला’ असं कुणी म्हणेल. ते तर अधिकच वाईट. सॉफ्टवेअरच्या पेटीतली तयार माणसं आणून त्या बाकांवर बसवायची, म्हणजे ज्यांना मारलं त्यांच्या जागी भाडोत्री बसवल्यासारखं होईल. रिकामं दालन ठेवण्यात एक संयम आहे, हे मी मान्य करते.

४

इथपर्यंतचे आक्षेप लिहून मी हा लेख संपवणार होते. पण फ्रँकफर्टच्या त्या जागेवर पुढे काय झालं हे वाचलं आणि हात थांबला. सिनेगॉग जाळल्यावर अवशेष पाडायचा खर्च ज्यू समाजाच्याच माथी मारण्यात आला. त्या जागेवर १९४२-४३ मध्ये हवाई हल्ल्यांपासून बचावासाठी काँक्रीटचा भलामोठा बंकर बांधला गेला. तो बंकर आजही तिथे उभा आहे. त्याच शहरात बोर्नेप्लात्झला १८८२ साली बांधलेलं घुमटाचं सिनेगॉग होतं, तेही जाळून जमीनदोस्त केलं.

म्हणजे रस्त्यावरून जाणाऱ्याला इमारत दिसत नाही, तिच्या जागी आलेली गोष्ट दिसते. पुस्तक उघडावं, तर त्या सिनेगॉगचं सर्वांत जास्त छापलं गेलेलं चित्र कोणतं? पेटलेल्या छताचं. जाळणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर जे होतं, तेच पुढच्या पिढ्यांच्या डोळ्यांसमोर राहिलं. एका रात्रीत हजाराहून अधिक प्रार्थनास्थळांची नासधूस झाली, असा आकडा आपण वाचतो. पण काय गेलं, ते केवढं होतं, त्यात किती माणसं मावत होती, शहराच्या क्षितिजावर ते कसं दिसत होतं, हे आकड्यातून कळत नाही. विद्यार्थ्याचं मॉडेल ते सांगतं. ते ज्वाळांचं चित्र बाजूला सारून आधीचं दालन डोळ्यांपुढे आणतं. रंग चुकलेला असेल, पण मान वर करून छत बघावं लागेल एवढं ते उंच होतं, हे चुकलेलं नाही. या एका गोष्टीसाठी मी त्या मुलांचे बाकी सगळे निळे माफ करायला तयार आहे.

आणखी एक गोष्ट आहे, ती प्रदर्शनाच्या भिंतीवर दिसत नाही. आजोबांच्या पिढीने जे एका रात्रीत जाळलं, ते नातवांच्या पिढीने बाक बाक मोजत महिनोन्‌महिने उभं केलं. चित्र बघायला पाच मिनिटं लागतात. करायला लागलेला काळ हेच या कामाचं खरं मोल आहे, असं मला वाटतं. स्मरण म्हणजे काय, याचं याहून चांगलं उत्तर मला सुचत नाही.

५

मग माध्यमाचा दोष आणि कामाचं मोल यांची सांगड कशी घालायची? इथे व्हिएन्नाचं उदाहरण उपयोगी पडतं. तिथल्या तांत्रिक विद्यापीठात बॉब मार्टेन्स यांच्या मार्गदर्शनाखाली विद्यार्थ्यांनी शहरातल्या नष्ट झालेल्या सिनेगॉगची मॉडेलं आपल्या पदवीच्या प्रबंधांसाठी केली. हर्बर्ट पेटर यांच्यासह मार्टेन्स यांनी त्यावर २००९ मध्ये पुस्तकही काढलं. १९३८ मध्ये व्हिएन्नातली जवळजवळ सगळी सिनेगॉग गेली. मुख्य सिनेगॉग वाचलं, कारण १८२६ मध्ये ते बांधताना कायद्यामुळे ते रस्त्यावरून न दिसेल असं घरांच्या रांगेत दडवावं लागलं होतं. ते पेटवलं असतं तर शेजारची घरं पेटली असती. ज्या कायद्याने अपमान केला त्यानेच इमारत वाचवली.

व्हिएन्नाच्या मुलांचा मुख्य आधार म्हणजे बांधकाम परवान्यासाठी दाखल केलेले नकाशे. आणि परवान्याचा नकाशा आणि प्रत्यक्ष उभी राहिलेली इमारत यांत किती अंतर असतं, हे आपल्याकडच्या नगरपालिकेत एकदा तरी खेटे घातलेल्या माणसाला सांगायला नको. काही इमारतींच्या बाबतीत पुरावा भक्कम आहे. लिओपोल्डश्टाटचं १८५८ चं भव्य सिनेगॉग ज्यांनी बांधलं ते लुडविग फ्योर्स्टर स्वतःच वास्तुकलेचं एक नियतकालिक चालवत, आणि त्यात त्यांनी त्याचे नकाशे व चित्रं छापली. एखाद्या गल्लीतल्या लहान प्रार्थनागृहाच्या वाट्याला असं काही येत नाही. पण संगणकात दोन्ही सारख्याच ठामपणे उभी राहू शकतात.

लिओपोल्डश्टाटच्या जागेवर आज चार पांढरे खांब आहेत. वास्तुविशारद मार्टिन कोलबाउअर यांचं ते काम. जुन्या इमारतीचा आवाका कळावा एवढ्यासाठीच ते उभे आहेत. त्यांवर नक्षी नाही, रंगाचा दावा नाही. जेवढं पक्कं ठाऊक आहे तेवढंच ते सांगतात. रेंडरकडून मला हाच विवेक हवा आहे.

तो अशक्य नाही. २००६ मध्ये लंडनला अशा कामांसाठी एक सनद तयार झाली, २००९ मध्ये तिची सुधारित आवृत्ती आली. लंडन चार्टर या नावाने ती ओळखली जाते. तिचा गाभा असा की चित्रासोबत त्यामागचे तर्कही नोंदवावेत: हे नकाशावरून, हे छायाचित्रावरून, हे दुसऱ्या इमारतीशी तुलना करून, हा निव्वळ अंदाज. या नोंदींना ‘पॅराडेटा’ म्हणतात. आपल्या भाषेत सांगायचं तर चिकित्सक आवृत्तीतल्या तळटिपा. पाठभेद न देता पोथी छापली तर आपण संपादकाला धारेवर धरतो, तोच न्याय इथे लावायचा. अंदाजाचे भाग करडे ठेवता येतात, अर्धपारदर्शक करता येतात. चित्र कमी देखणं होईल. पण ‘बहुधा’ हा शब्द त्यात परत येईल.

सनदेच्या मागणीत मला माझ्या अनुभवावरून एक भर घालावीशी वाटते. काय घातलं याच्या नोंदीबरोबर काय वगळलं आणि का, हेही लिहावं. पुरावा नव्हता म्हणून वगळलं, की यंत्राला झेपेना म्हणून? दुसरं कारण लाजिरवाणं वाटतं, म्हणून ते कुणी लिहीत नाही. पण मावशींच्या मशिदीतले दिवे त्याच कारणाने गेले होते.

६

कोकणात कुणी सिनेगॉग जाळली नाहीत. १९४८ नंतर बहुतेक बेने इस्राएल कुटुंबं आपणहून इस्राएलला गेली, इमारती मागे राहिल्या. तिकडे इमारती आणि माणसं दोन्ही गेली, इकडे इमारत आहे आणि प्रार्थनेला लागणारे दहा पुरुष मिळत नाहीत. या दोन गोष्टी एका मापाने मोजता येत नाहीत, आणि मी तसं करत नाही. पण आज जी इमारत समोर उभी आहे तिचं मॉडेल करणाऱ्या मुलीला, पन्नास वर्षांनी तिचंच चित्र पुरावा होऊ शकतं हे माहीत असावं, एवढं मात्र डार्मश्टाटकडून शिकता येतं.

तिने दिव्यांचा लेयर पुन्हा चालू केला. एकच दृश्य निवडलं, लॅपटॉप रात्रभर चालू ठेवला. सकाळी जे चित्र आलं त्यावर बारीक खर होती, नीट होण्याआधीच तिला ते थांबवावं लागलं होतं. परीक्षकांनी त्याला ‘अपूर्ण’ म्हटलं आणि गुण कापले. ते चित्र घेऊन आम्ही पुन्हा मावशींकडे गेलो.

मावशींनी बोट टेकवत दिवे मोजले. एकदा, मग पुन्हा एकदा.

“एक जास्त आहे गं,” त्या म्हणाल्या. “हा खिडकीकडचा फुटला त्याला वीस वर्षं झाली. ज्यांचा होता ती माणसं तिकडे गेली, मग कुणी लावला नाही.”

मुलीने एक दिवा करून बाकीचे अ‍ॅरेने लावले होते, सारख्या अंतरावर. यंत्राने मोकळी जागा भरून टाकली होती. आम्ही तिघी उठून मशिदीत गेलो आणि वर पाहिलं. तिथे नुसती कडी होती. तीन दिवस आम्ही त्याच छताखाली फीत धरून उभ्या होतो आणि ती कुणाला दिसली नव्हती.

मुलीने तिथेच पायरीवर बसून लॅपटॉप उघडला, तो दिवा पुसला आणि छताला ती रिकामी कडी केली. त्यात काच नव्हती, त्यामुळे वेळ अजिबात लागला नाही.